तिसऱ्या भरतीआधीचे दोन रिपोर्ट: गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये साध्या रक्त-तपासण्यांवरून मृत्यूचा अंदाज

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांचे गृहस्थ. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नऊ वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, दोन स्टेंट बसले. त्यानंतर हृदयाचा डावा कप्पा हळूहळू पसरत गेला आणि हार्ट फेल्युअर झालं, म्हणजे हृदय शरीराला पुरेल एवढं रक्त ढकलेनासं झालं. आमच्याकडे आले तेव्हा इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर जातं ते प्रमाण, २२ टक्के होतं. निरोगी हृदयात ते साधारण ५५ च्या वर असतं. छातीत पाच वर्षांपासून आयसीडी होतं, म्हणजे हृदयाची लय जीवघेणी बिघडली तर आतूनच शॉक देणारं यंत्र. मधुमेह नव्हता. बीटा-ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन, एसजीएलटी-२ गटातली गोळी आणि लघवीवाटे पाणी काढणारी टॉर्सेमाइड चालू होती. सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन सुरू केलं होतं, पण वरचा रक्तदाब ९० च्या खाली जायला लागला आणि ते बंद करावं लागलं. तेव्हा आम्ही ही गोष्ट फक्त 'औषध सोसलं नाही' अशी लिहिली. आयुष्य वाढवणारं औषधच शरीराला झेपेनासं होतं तेव्हा आजार पुढे गेलेला असतो, हा अर्थ त्या नोंदीत कुणी वाचला नाही.

पहिली भरती, चार महिन्यांनी दुसरी, मग सातच आठवड्यांनी तिसरी. प्रत्येक वेळी धाप, पायांना सूज, रात्री उशांचा ढीग.

अडचण

तिसऱ्या भरतीच्या दुसऱ्या दिवशी मुलाने मला राउंडनंतर गाठलं. "डॉक्टर, दर वेळी तुम्ही सांगता की पाणी साचलं होतं, काढलं, आता बरे आहेत. बरे आहेत तर आम्ही परत परत का येतो?"

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. प्रत्येक भरतीत आम्ही त्या भरतीपुरतं पाहिलं होतं. वजन किती उतरलं, सूज गेली का, हृदयावरचा ताण दाखवणारा एनटी-प्रोबीएनपी हा रक्तातला आकडा खाली आला का. दुसऱ्या भरतीत ते ७,८०० वरून ५,९०० वर आलं होतं आणि डिस्चार्जच्या कागदावर 'सुधारणा' असं लिहिलं गेलं. हिशोब केला तर ती घट जेमतेम २४ टक्के होती. घरी जाताना किमान ३० टक्क्यांची घट दिसली नाही तर पुढचा काळ जड जातो, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तरीही खाली आलेला आकडा पाहून आमचं समाधान झालं.

त्या संध्याकाळी तिन्ही भरतींचे रिपोर्ट टेबलावर शेजारी-शेजारी मांडले. महागड्या तपासण्या बाजूला ठेवल्या आणि प्रत्येक रुग्णाच्या होतात त्याच वाचल्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मूत्रपिंड, यकृत.

शेजारी ठेवल्यावर दिसलेलं

सोडियम १३८, मग १३४, मग १२९. युरिया ४४, ६२, ७८. मूत्रपिंड थकलं की वाढणारं क्रिएटिनीन १.३, १.६, २.०. हिमोग्लोबिन १२.४ वरून १०.९. रक्तातलं प्रथिन अल्ब्युमिन ३.८ वरून २.९. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी २६ टक्के, मग १९, आता १२. आरडीडब्ल्यू १४.६, १६.३, १८.१. एकूण कोलेस्टेरॉल १४८ वरून ९६. यकृताचं बिलिरुबिन २.१. वजन पहिल्या भरतीपेक्षा ७ किलोंनी कमी, तेही सूज धरून.

यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर कुणी दचकणार नाही. आरडीडब्ल्यू तर बहुतेक जण वाचतही नाहीत. सीबीसीच्या कागदावर तो हिमोग्लोबिनच्या खाली कुठेतरी असतो. तांबड्या पेशींच्या आकारात किती असमानता आहे, ते तो सांगतो. लोह कमी पडलं, अंगात दाह चालू असला, मूत्रपिंड थकलं, अस्थिमज्जेला नीट पोषण मिळेना, की लहान-मोठ्या पेशी एकत्र बाहेर पडतात. २००७ मध्ये कँडेसार्टनच्या 'चार्म' चाचण्यांमधल्या रुग्णांचा अभ्यास झाला. तपासलेल्या अनेक रक्तघटकांमध्ये हा दुर्लक्षित आकडा मृत्यू आणि पुन्हा भरती यांच्याशी अगदी घट्ट जोडलेला निघाला.

सोडियमचं वेगळं आहे. अंगात मीठ कमी पडलं म्हणून ते उतरत नाही. हृदय पुरेसं रक्त ढकलत नाही तेव्हा शरीराला वाटतं की पाणीच कमी पडलंय. मग व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंड पाणी धरून ठेवतं आणि रक्त पातळ होतं. युरियाही त्याच ओढाताणीत वाढतो, बहुतेकदा क्रिएटिनीनपेक्षा जास्त वेगाने. म्हणून हे दोन आकडे मूत्रपिंडाच्या खात्यात लिहिलेले असले तरी गोष्ट हृदयाची सांगतात. लिम्फोसाइट उतरतात ते शरीरावरच्या सततच्या ताणाने. अल्ब्युमिन आणि कोलेस्टेरॉल उतरतात ते यकृत रक्ताने तुंबल्यामुळे, भूक मेल्यामुळे, दाहामुळे.

आणि कोलेस्टेरॉलबद्दल एक कबुली. ९६ या आकड्याशेजारी आमच्यापैकीच कुणीतरी 'उत्तम नियंत्रण' असं लिहिलं होतं. झटका येऊ नये म्हणून ज्या माणसाचं कोलेस्टेरॉल उतरवायचं, त्याच्यासाठी ते खरं असतं. गंभीर हार्ट फेल्युअरमध्ये, वजन घटत असताना, स्टॅटिनचा डोस न बदलता कोलेस्टेरॉल आपोआप इतकं उतरलं तर शरीर झिजतंय असं समजायचं.

आकडे खरे मानण्याआधी

इथे घाई करण्याचा मोह होतो. सगळे आकडे एकाच दिशेने बोट दाखवतात म्हणजे निकाल लागला, असं वाटतं. पण यातल्या प्रत्येकाला दुसरं कारण असू शकतं आणि त्यातली काही दुरुस्त होणारी असतात. मृत्यूचा अंदाज बांधण्याआधी ती शोधायलाच हवीत.

सोडियम: दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी आम्हीच मेटोलाझोन ही पाणी काढणारी आणखी एक गोळी जोडली होती. ते सोडियम पाडतं. बंद केलं, चार दिवसांत १२९ चं १३२ झालं, पुढे हललं नाही. म्हणजे थोडा दोष गोळीचा, बाकीचा आजाराचा.

आरडीडब्ल्यू आणि हिमोग्लोबिन: अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६८ निघालं. हार्ट फेल्युअरमध्ये १०० च्या खालचं फेरिटिन लोहाची कमतरता मानतात. हे आधीच तपासायला हवं होतं. लोह शिरेतून दिलं.

लिम्फोसाइट: जंतुसंसर्ग किंवा स्टेरॉइड असेल तर हा आकडा वाचण्यात अर्थ नसतो. ताप नव्हता, छातीचा फोटो आणि लघवी स्वच्छ, स्टेरॉइड कधीच दिलं नव्हतं.

थायरॉइड नीट होतं. आयसीडीच्या नोंदींमध्ये लपलेली वेगवान लय सापडली नाही. नवीन ब्लॉकेजची लक्षणं नव्हती. हे सगळं नकारार्थी आलं तेव्हा मला आशेचा एकेक दरवाजा बंद होताना दिसत होता, हे लपवत नाही.

स्कोअर काढताना झालेली चूक

आमच्या निवासी डॉक्टरने 'ॲडहिअर' (ADHERE) या हार्ट फेल्युअरच्या रुग्णनोंदणीवरून बनवलेला निर्णयवृक्ष वापरला. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा नियम तीनच गोष्टी विचारतो: बीयूएन ४३ किंवा जास्त आहे का, वरचा रक्तदाब ११५ पेक्षा कमी आहे का, क्रिएटिनीन २.७५ किंवा जास्त आहे का. तिन्ही वाईट असलेल्या गटात रुग्णालयातच होणारे मृत्यू सुमारे २२ टक्के होते, पहिल्या दोन्ही चांगल्या असलेल्या गटात सुमारे २ टक्के. हजारो रुग्णांवर तयार झालेला आणि रुग्णाच्या उशाशी उभं राहून सांगता येईल असा नियम.

काकांचा रक्तदाब ९८. त्या निवासी डॉक्टरने बीयूएनच्या जागी ७८ भरलं. उत्तर आलं सुमारे १२ टक्के.

आमच्या लॅबचा रिपोर्ट युरियाचा असतो, बीयूएनचा नाही. बीयूएन म्हणजे युरियातला फक्त नायट्रोजन. मिलिग्रॅममधला युरिया २.१४ ने भागला की ते मिळतं. ७८ चं झालं ३६. आता काका ४३ च्या अलीकडे होते आणि त्या गटाचा धोका साधारण साडेपाच टक्के. एका शब्दाच्या गोंधळाने धोका दुपटीहून मोठा दाखवला होता. दोष तिला देण्यासारखा नव्हता. मीही तो आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मान डोलावली होती.

शिवाय हा नियम याच भरतीतल्या मृत्यूबद्दल बोलतो. कुटुंबाचा प्रश्न पुढच्या वर्षाचा होता. त्यासाठी दोन स्कोअर काढले. 'मॅजिक' स्कोअरमध्ये १३ गोष्टी आहेत आणि त्यात रक्ताची तपासणी एकच, क्रिएटिनीन. २००६ चं 'सिॲटल' मॉडेल मात्र हिमोग्लोबिन, लिम्फोसाइट टक्केवारी, युरिक ॲसिड, कोलेस्टेरॉल आणि सोडियम असे पाच साधे रक्तघटक धरतं, बाकीच्या माहितीसोबत. एकाने वर्षभरातल्या मृत्यूची शक्यता निम्म्याच्या आसपास दाखवली, दुसऱ्याने तिसऱ्या हिश्श्याच्या. कमी दाखवणारं सिॲटल होतं. फार पुढे गेलेल्या आजारात ते धोका कमी लेखतं, असा अनुभव नोंदलेला आहे. ते ज्या रुग्णांवर बेतलं गेलं ते औषधचाचणीत घेतलेले होते, आणि चाचणीत येणारे रुग्ण वॉर्डातल्या रुग्णांपेक्षा सहसा थोडे तगडे असतात.

पर्याय

पहिला प्रश्न निवासी डॉक्टरनेच विचारला: "सर, टॉलव्हाप्टनने सोडियम वर आणलं तर?" हे औषध व्हॅसोप्रेसिनला अडवतं. प्रश्न चांगला होता, कारण खूण आणि कारण यांची गल्लत तिथेच होते. 'एव्हरेस्ट' चाचणीत चार हजारांहून जास्त रुग्णांवर हे करून पाहिलं. २००७ चा निकाल असा की पाणी निघालं, वजन उतरलं, सोडियम सुधारलं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. हिमोग्लोबिनचंही तसंच. 'रेड-एचएफ' चाचणीत डार्बेपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाने हिमोग्लोबिन वाढलं, आयुष्य वाढलं नाही. या खुणा आजाराची खोली मोजतात. त्यांना हाताने सरकवून खोली कमी होत नाही.

मग उरलेले पर्याय. हृदय प्रत्यारोपण किंवा डाव्या कप्प्याला जोडायचा यांत्रिक पंप: काकांची माहिती प्रगत हार्ट फेल्युअरच्या केंद्राला पाठवली. वाढलेलं क्रिएटिनीन, तुंबलेलं यकृत, झिजलेलं अंग पाहून त्यांनी नकार कळवला. त्यांनी विचारलं, चार-पाच महिन्यांपूर्वी का नाही पाठवलं? हा प्रश्न मला अजून बोचतो.

हृदयाला जोर देणारी इनोट्रोपची ड्रिप: काही काळ बरं वाटतं, पण लय बिघडण्याचा धोका वाढतो आणि माणूस नळीला बांधला जातो. तीच औषधं, तोच क्रम पुन्हा: म्हणजे चौथी भरती ठरलेली. आणि शेवटी, उपचार चालू ठेवूनच उपशामक काळजी, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारी काळजी, सोबत आणायची, आयसीडीच्या शॉकबद्दल बोलायचं आणि काकांना काय हवंय ते विचारायचं. यातला शेवटचा भाग आम्ही तीन भरतींमध्ये एकदाही केला नव्हता.

बोलणं

आधी कुणाशी बोलायचं यावर घरात दोन मतं होती. मुलगा म्हणाला, बाबांना काही सांगू नका. मुलगी म्हणाली, त्यांना न विचारता काही ठरवू नका. मी काकांनाच विचारलं, "तब्येतीबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" ते म्हणाले, "जेवढं तुम्हाला ठाऊक आहे तेवढं."

टक्के सांगायचे नाहीत, असं ठरवून गेलो होतो. पण मुलाला आकडाच हवा होता. तेव्हा, सिॲटल धोका कमी लेखतं हे धरून, म्हणालो, "काकांच्यासारखी तब्येत असलेले दहा जण डोळ्यांसमोर आणा. वर्षभरात त्यातले चार ते सहा जण राहणार नाहीत, असं हे कागद सांगतात. काका त्या दहांत कुठे बसतात, ते कागदांना ठाऊक नाही. मलाही नाही."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग काकांनी विचारलं, "एक रात्र आडवं झोपता येईल का?"

अडीच महिने ते बसून झोपत होते. आम्ही रोज वजन, लघवी, क्रिएटिनीन लिहीत होतो; त्यांचा दिवस ज्यावर अडला होता ती गोष्ट फाइलमध्ये 'चार उशा' एवढीच होती.

काय केलं

या एका वाक्याने उपचाराचं माप बदललं. तोवर क्रिएटिनीन वाढेल म्हणून आम्ही पाणी काढणारं औषध हात राखून देत होतो. आता ठरवलं की फुप्फुसं मोकळी करायची, त्यासाठी क्रिएटिनीन थोडं वाढलं तरी सोसायचं. फ्युरोसेमाइडची सलग ड्रिप लावली. पाच दिवसांत ५ किलो पाणी गेलं. क्रिएटिनीन २.३, युरिया ८८. आधीच्या आठवड्यात याच आकड्यांना घाबरून मी ड्रिप बंद केली असती.

इनोट्रोप नको, असं काकांनी स्वतः सांगितलं. आयसीडीचं बोलणं जास्त अवघड गेलं. काकूंना वाटलं की यंत्र बंद केलं की हृदय लगेच थांबेल. तसं नसतं. फक्त शॉक बंद होतो, हृदय आपल्या गतीने चालत राहतं, आणि पेसिंगची, म्हणजे यंत्राने ठोके चालू ठेवण्याची, गरज असेल तर तेही चालू ठेवता येतं. शेवटच्या तासांत शुद्धीतल्या माणसाला पुन्हा पुन्हा शॉक बसणं काय असतं, हे सौम्य शब्दांत सांगावं लागलं. त्या दिवशी निर्णय झाला नाही. घरी गेल्यावर तीन आठवड्यांनी काकांनीच निरोप पाठवला की शॉक बंद करा.

अकराव्या दिवशी डिस्चार्ज. स्टॅटिन थांबवलं, 'कोरोना' (CORONA) नावाच्या औषधचाचणीत रोझुव्हास्टॅटिनने अशा हृदयांमध्ये मुख्य उद्दिष्ट साधलं नव्हतं, आणि गोळ्या तेवढ्याच कमी. बीटा-ब्लॉकर अर्ध्यावर आणलं. धाप लागून जीव कासावीस होईल तेव्हासाठी ओपिऑइड गटातलं औषध, मूत्रपिंड पाहून निवडलेलं, अगदी कमी मात्रेत. वजन दीड-दोन किलोंनी वाढलं तर जास्तीची गोळी कधी घ्यायची, हे मुलीला लिहून दिलं. उपशामक विभागाच्या परिचारिकेचा फोन आठवड्यातून दोनदा.

काय झालं

पहिल्याच आठवड्यात फोनवर काकूंनी सांगितलं की एक उशी घेऊन आडवे झोपले, सकाळपर्यंत.

सहाव्या आठवड्यात रक्त तपासायचं की नाही, यावर आमच्यात वाद झाला. एक सहकारी म्हणाले, एनटी-प्रोबीएनपी तरी करू. मी विचारलं, आलेल्या आकड्याने आपण काय बदलणार? हा आकडा लक्ष्य धरून औषधं बेतली तर फायदा होतो का, हे 'गाइड-इट' चाचणीने पाहिलं होतं. २०१७ मध्ये निकाल आला, नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा काही जास्त हाती लागलं नाही. काकांची शीर सापडायला तीन-तीनदा टोचावं लागायचं. तपासण्या थांबवल्या. सोडियम, पोटॅशियमसाठी एकदाच अपवाद केला, फार ग्लानी आली तेव्हा.

चौथी भरती झाली नाही. डिस्चार्जनंतर एकोणिसाव्या आठवड्यात, पहाटे, घरी, मुलगी शेजारी असताना ते गेले. यंत्राने शॉक दिला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

खरा निर्णयबिंदू तिसऱ्या भरतीत नव्हताच, तो दुसऱ्या भरतीत होता. सोडियम १३४, आरडीडब्ल्यू १६.३, लिम्फोसाइट १९, अल्ब्युमिन ३.४, एनटी-प्रोबीएनपी अपुरं उतरलेलं, जीव वाचवणारं औषध रक्तदाबामुळे बंद, पाण्याच्या गोळीचा डोस दुप्पट. एवढ्यावर प्रगत केंद्राला चिठ्ठी जायला हवी होती. ते 'हो' म्हणाले असते का, ते सांगता येत नाही. पण विचार करण्यासारखी अवस्था तेव्हा होती. फेरिटिनही तेव्हाच करायला हवं होतं. मेटोलाझोन दिलं तर चार-पाच दिवसांत सोडियम पाहायला हवं होतं. आणि काकांशी बोलणं तेव्हा झालं असतं, तर बसून काढलेल्या बऱ्याच रात्री वाचल्या असत्या.

नवा स्कोअर आम्ही आणला नाही. आता प्रत्येक हार्ट फेल्युअरच्या फाइलीत पहिल्या पानावर एक आडवी ओळ असते: सोडियम, युरिया, क्रिएटिनीन, हिमोग्लोबिन, आरडीडब्ल्यू, लिम्फोसाइट, अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल. प्रत्येक भरतीची ओळ आधीच्या ओळीखाली. युरियाच्या रकान्यात 'बीयूएन नव्हे' असं लाल शाईने. तीन आकडे एकाच दिशेने सरकले की दोन कामं लागोपाठ करायची: आधी दुरुस्त होणारी कारणं शोधायची, आणि त्याच आठवड्यात रुग्णाशी बसून बोलायचं.

या ओळीने आम्हाला एकदा फसवलंही आहे. नंतर आलेल्या एका रुग्णाची ओळ जवळजवळ काकांच्या तिसऱ्या ओळीसारखी होती. सगळ्यांचे चेहरे पडले. मग ईसीजी नीट पाहिला: एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित लय, ठोके सतत १४० च्या आसपास. लय आटोक्यात आली आणि चार महिन्यांत ओळ उलट फिरली. म्हणून कारणं शोधण्याचं काम आधी लिहिलं आहे.

काका गेल्यावर महिनाभराने त्यांची मुलगी उरलेली औषधं परत द्यायला आली. तिने तिन्ही रिपोर्ट मागितले, बराच वेळ वाचले आणि दुसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "हे तेव्हाच दिसत होतं ना?"

मी हो म्हणालो, आणि आम्ही काय पाहिलं नाही ते तिला ओळीने सांगितलं.